पडत्या काळातली राखण : रोमन सम्राटपदाची वाटचाल आणि गॅलिएनसची पंधरा वर्षे

इ.स.पू. 27 मध्ये ऑगस्टसने रोमन सम्राटपदाची घडी बसवली. राजा हा शब्द रोमन माणसाला सहन होत नसे, म्हणून त्याने सिनेट ठेवली, दरवर्षी निवडले जाणारे कॉन्सल ठेवले, जुने मानमरातब ठेवले. आणि लष्कर व सरहद्दीवरचे प्रांत तेवढे आपल्या हाती घेतले. या तडजोडीवर पुढची अडीचशे वर्षे भूमध्य समुद्राभोवतीचे सगळे जग चालले. या संस्थेच्या इतिहासात ऑगस्टस, ट्राजन, हेड्रियन, मार्कस ऑरेलियस यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात. इ.स. 253 ते 268 या काळात हे पद सांभाळणाऱ्या गॅलिएनसचे नाव मात्र बहुतेक पुस्तकांत एका ओळीत संपते, आणि ती ओळही बरी नसते. संस्था मोडण्याच्या बेतात असताना ती ज्याच्या हाती होती, त्याने काय केले याचा हिशेब नीट मांडण्याची गरज आहे. त्यासाठी ही वाटचाल.

मूळ घडी आणि तिच्यातले दोष

ऑगस्टसने घातलेल्या पद्धतीत लष्कराच्या मोठ्या तुकड्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे पाच हजार पायदळाची लीजने, ऱ्हाईन, डॅन्यूब आणि युफ्रेटिस या नद्यांच्या काठाने पसरलेली असत. त्यांचे सेनापती आणि मोठ्या प्रांतांचे अधिपती सिनेटर घराण्यांतले असत. काही वर्षे न्यायदान, काही वर्षे लष्कर, मग पुन्हा मुलकी कारभार अशी त्यांची बढतीची शिडी होती. सरहद्द मजबूत आणि आतला मुलूख निर्धास्त, असा हा हिशेब होता.

यात दोन दोष होते. आत राखीव म्हणता येईल असे मोठे सैन्य नव्हते. एका सरहद्दीवर संकट आले की दुसऱ्या सरहद्दीवरून माणसे काढावी लागत. एका वेळी एकच आघाडी पेटत होती तोवर हे निभावले. दुसरा दोष अधिक खोल होता. सम्राटाच्या अधिकाराचा खरा आधार फौजेची निष्ठा हा होता, आणि फौज जिंकून देणाऱ्या सेनापतीच्या मागे जाते. जिथे सम्राट नाही आणि शत्रू आहे, तिथे सैनिक आपला सम्राट स्वतः निवडू लागतात.

तिसऱ्या शतकात दोन्ही दोष एकदम उघडे पडले. 224 मध्ये इराणात पार्थियन घराणे कोसळून सासानी घराणे आले. पहिल्यापेक्षा ते अधिक एकवटलेले आणि अधिक आक्रमक होते. ऱ्हाईनच्या पलीकडे लहान टोळ्यांच्या जागी फ्रँक आणि अलेमानी यांचे मोठे जथे उभे राहिले. काळ्या समुद्राकडून गॉथ खाली उतरू लागले. 249च्या सुमारास सुरू झालेली महामारी जवळपास वीस वर्षे पुन्हापुन्हा शहरे आणि छावण्या रिकाम्या करत राहिली. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तिचे वर्णन लिहून ठेवले, म्हणून तिला त्याचेच नाव पडले आहे.

235 मध्ये सम्राट अलेक्झांडर सेव्हेरस याला ऱ्हाईनकाठी त्याच्याच सैनिकांनी मारले. 238 या एका वर्षात सहा जणांनी सम्राटपद धारण केले. 248 मध्ये रोमने आपल्या स्थापनेचा हजारावा वर्धापनदिन थाटात साजरा केला आणि तीनच वर्षांनी, 251 मध्ये, सम्राट डेशियस आजच्या बल्गेरियातल्या अब्रिटस इथे गॉथांशी लढताना मारला गेला. परकी शत्रूशी लढता लढता रणात पडलेला तो पहिला रोमन सम्राट. 253च्या एकाच उन्हाळ्यात गॅलस आणि एमिलियन हे दोन सम्राट पाठोपाठ आपापल्या सैनिकांच्या हातून संपले. त्यानंतर ज्याच्या गळ्यात हे पद पडले तो व्हॅलेरियन. तो सिनेटमधला मातब्बर आणि उतारवयाला लागलेला होता.

बापलेकांचा कारभार : 253 ते 260

व्हॅलेरियनने पहिल्याच काही आठवड्यांत एक शहाणपणाचा निर्णय घेतला. एक माणूस दोन टोकांना असू शकत नाही, हे ओळखून त्याने पस्तिशीतल्या आपल्या मुलाला, पब्लियस लिसिनियस एग्नेशियस गॅलिएनसला, बरोबरीचा सम्राट केले. बाप पूर्वेकडे इराणच्या आघाडीवर गेला, मुलाने पश्चिम घेतली. मार्कस ऑरेलियसच्या काळापासून सहसम्राट होत आले होते, पण दोघांनी दोन आघाड्या कायमच्या वाटून घेण्याची ही पद्धत पुढे सम्राट डायोक्लेशियनने नियम म्हणून रुजवली.

पश्चिमेला गॅलिएनसने पहिली पाच-सहा वर्षे डॅन्यूब आणि ऱ्हाईन यांच्या काठाने फिरण्यात घालवली. सगळ्यांशी लढण्याइतके बळ नव्हते, तिथे त्याने करार केले. मार्कोमनी टोळीच्या राजाला त्याने पॅनोनिया प्रांतात वस्तीला जमीन दिली आणि त्याच्याकडून सरहद्दीचे रक्षण करून घेतले. थोरल्या मुलाला, धाकट्या व्हॅलेरियनला, युवराज करून त्याने डॅन्यूबच्या फौजेत ठेवले; तो 258 मध्ये मरण पावला. मग दुसरा मुलगा सॅलोनिनस याला युवराज करून कोलोनला ठेवले. सरहद्दीवरच्या सैनिकांना राजघराण्यातले कोणीतरी आपल्यात दिसावे, म्हणजे त्यांना दुसरा सम्राट शोधावासा वाटणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. ती बरोबर होती, पण तिची किंमत त्याला दोन मुले गमावून मोजावी लागली.

260 साल

या संस्थेच्या सगळ्या इतिहासात 260 इतके वाईट वर्ष शोधून सापडणार नाही.

एडेसाजवळ, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फाजवळ, व्हॅलेरियन इराणचा बादशहा पहिला शापूर याच्या हाती जिवंत सापडला. रोमन सम्राट शत्रूच्या कैदेत जाण्याची ही पहिली आणि त्या काळातली एकमेव वेळ. शापूरने नक्श-ए-रुस्तम इथल्या शिलालेखात पार्थियन, मध्य फारसी आणि ग्रीक अशा तीन भाषांत हा विजय कोरून घेतला. सत्तर हजारांचे सैन्य हरवून सम्राटाला आपण स्वतःच्या हाताने धरले, असा दावा त्यात आहे. तिथल्याच कातळावर रोमन सम्राट त्याच्यापुढे नमलेले दिसतात. व्हॅलेरियन परत आला नाही.

याच सुमारास अलेमानी आल्प्स ओलांडून इटलीत उतरले. गॅलिएनसने त्यांना मिलानजवळ गाठून हरवले. जर्मनीत ऑग्सबर्गला 1992 मध्ये सापडलेल्या विजयवेदीवरच्या लेखातून इटलीवरच्या धाडींची खोली कळते. 24 आणि 25 एप्रिल 260 या दोन दिवसांत रोमन सैन्याने परतणाऱ्या जुथुंगी टोळीला गाठले आणि इटलीतून धरून नेलेले हजारो कैदी सोडवले, असे तो लेख सांगतो. इटलीची माणसे दावणीला बांधून सरहद्दीपार नेली जात होती, इतकी ही घडी विस्कटली होती.

व्हॅलेरियनच्या कैदेची बातमी पसरली तशी बंडे उठली. पॅनोनियात इन्जेन्युअस आणि त्याच्यामागून रेगॅलिएनस उभा राहिला. पूर्वेत रसद आणि खजिना सांभाळणारा मॅक्रिएनस पुढे आला; तो पायाने अधू होता, म्हणून त्याने मॅक्रिएनस आणि क्वाएटस या आपल्या दोन मुलांना सम्राट म्हणून उभे केले. ऱ्हाईनवर लुटीच्या वाटपावरून सेनापती पोस्ट्युमस आणि युवराजाचा पालक सिल्व्हॅनस यांचे बिनसले. पोस्ट्युमसने कोलोनला वेढा घातला. शहराने सॅलोनिनस आणि सिल्व्हॅनस यांना त्याच्या हवाली केले आणि दोघे मारले गेले. पाहता पाहता गॉल, ऱ्हाईनचा किनारा, ब्रिटन आणि पुढे स्पेनही पोस्ट्युमसच्या हाती गेले. ऱ्हाईन आणि डॅन्यूब यांच्या वरच्या वळणातला मुलूख आणि तिथली तटबंदीची सरहद्द रोमने याच काळात कायमची गमावली.

बाप कैदेत, दोन्ही मुले गेलेली, साम्राज्याच्या तीन भागांत दुसऱ्यांचा अंमल, अशा स्थितीत गॅलिएनस वयाच्या चाळिशीत एकटा सम्राट राहिला. त्याचे मूल्यमापन करायचे तर या तारखेपासून करायला हवे.

काय राखायचे, काय सोडून द्यायचे

सगळीकडे एकदम लढण्याचा मोह त्याने टाळला. इटली, इलिरिकम म्हणजे डॅन्यूबचा पट्टा, ग्रीस, आफ्रिका आणि इजिप्त हा गाभा आहे. तो हातचा जाता कामा नये, बाकीचे नंतर पाहू, असा क्रम त्याच्या पुढच्या आठ वर्षांच्या हालचालींतून स्पष्ट दिसतो.

इन्जेन्युअसचा आजच्या क्रोएशियातल्या मुर्साजवळ पाडाव झाला. ती लढाई घोडदळाने जिंकली आणि घोडदळाचा सेनापती ऑरिओलस याचे नाव झाले. 261 मध्ये त्याच ऑरिओलसने बाल्कनमध्ये आलेल्या दोन्ही मॅक्रिएनसांना संपवले. मागे राहिलेल्या क्वाएटसचा एमेसा इथे निकाल लावला तो पामिराच्या ओडेनाथसने.

ओडेनाथसची नेमणूक हा गॅलिएनसच्या राजकारणातला सर्वांत धाडसी डाव होता. पामिरा हे सीरियाच्या वाळवंटातले व्यापारी शहर, आणि ओडेनाथस तिथला सरदार. रोमकडे पूर्वेत पाठवायला फौज नव्हती, त्याच्याकडे स्थानिक घोडेस्वार होते. गॅलिएनसने त्याला रोमन हुद्दे देऊन पूर्वेच्या रक्षणाची जबाबदारी सोपवली. ओडेनाथसने कार्रे आणि निसिबिस परत घेतले आणि इराणची राजधानी टेसिफोनपर्यंत धडक मारली. तो हयात होता तोवर त्याने स्वतःला रोमचा सम्राट म्हणवले नाही. एक शिपाईही न पाठवता पूर्व पुन्हा रोमच्या नावावर आली.

पोस्ट्युमसविरुद्ध गॅलिएनस 265च्या सुमारास उतरला. त्याने पोस्ट्युमसला एका शहरात कोंडलेही. पण वेढ्यात पाठीत बाण लागून तो जखमी झाला आणि मोहीम थांबली. त्यानंतर त्याने पश्चिमेला फार बळ खर्च केले नाही. पोस्ट्युमस इटलीवर चालून आला नाही आणि ऱ्हाईन सांभाळत राहिला. रोमच्या दृष्टीने तो बंडखोर होता, पण फ्रँकांना अडवण्याचे काम तो करत होता. आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला तसेच राहू देऊन डॅन्यूबकडे वळणे हा राज्यकर्त्याचा निर्णय आहे, आणि तो घेताना बापाला काय सोसावे लागले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

लष्कराची नवी बांधणी

गॅलिएनसच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग लष्करात आहे. सरहद्दीला खिळलेली जड लीजने धावत्या शत्रूला पुरी पडत नव्हती. त्याने डाल्मेशियन आणि मूर घोडेस्वारांच्या स्वतंत्र तुकड्या बांधल्या, त्यांना पायदळाच्या सेनापतीपासून वेगळे केले, स्वतःचा प्रमुख दिला आणि त्यांचा तळ मिलानला ठेवला. नकाशा पाहिला की ही निवड लगेच पटते: आल्प्सच्या घाटांतून येणाऱ्या वाटा मिलानजवळ एकत्र येतात, तिथून गॉल, ऱ्हाईन आणि डॅन्यूब या तिन्ही दिशांना निघता येते, आणि रोमचा रस्ताही तिथूनच राखता येतो. घोडदळाच्या तुकड्या पहिल्यांदा गॅलिएनसने स्थापल्या, अशी नोंद बायझंटाईन इतिहासकार केड्रेनसने केली आहे.

घोडदळाबरोबर लीजनांतून काढलेल्या पायदळाच्या तुकड्याही त्याने आत, मोक्याच्या जागी ठेवल्या. स्लोव्हेनियातल्या प्तुय या गावी, तेव्हाच्या पोएटोव्हिओत, मिथ्र देवतेच्या देवळात पाचव्या मॅसिडोनिका आणि तेराव्या जेमिना या लीजनांच्या माणसांनी अर्पण केलेले लेख सापडले आहेत. या लीजनांची मूळ ठाणी डॅशियात, म्हणजे आजच्या रुमानियात. फ्लेव्हियस एपर या अधिकाऱ्याच्या हाताखाली ती माणसे इटलीच्या वाटेवर तैनात होती. राखीव सैन्य नसणे हा जुन्या घडीतला पहिला दोष होता. तो असा तुकड्या तुकड्या जोडून भरून काढला जात होता.

शहरांच्या बाबतीतही हीच घाई आणि हीच दूरदृष्टी दिसते. व्हेरोना शहराचा तट 265 मध्ये 3 एप्रिलला बांधायला घेतला आणि 4 डिसेंबरला पूर्ण झाला, असे तिथल्या पोर्ता बोर्सारी या वेशीवर आजही वाचता येते. आठ महिन्यांत शहराला तट घालणे हे मोडकळीला आलेल्या सरकारचे काम नव्हे. पुढे 271 मध्ये सम्राट ऑरेलियनने खुद्द रोमला तट घालायला घेतला, त्याच्या आधीची ही पायरी होती.

हुद्दे कोणाला द्यायचे

लष्कर बदलले तसे त्याचे अधिकारीही बदलले. लीजनांचे सेनापतिपद आणि फौज असलेले प्रांत सिनेटर घराण्यांकडून काढून गॅलिएनसने एक्वेस्त्रियन या खालच्या पायरीवरच्या वर्गाकडे दिले. त्यातले बरेचसे सैन्यात साध्या हुद्द्यावरून वर आलेले होते. सम्राटाने भीतीपोटी सिनेटरांना लष्करात यायला बंदी केली, असे चौथ्या शतकातला इतिहासकार ऑरेलियस व्हिक्टर लिहितो. जागोजागी सापडलेले शिलालेख या बदलाला दुजोरा देतात: लीजनांचे सिनेटर सेनापती नोंदींतून दिसेनासे होतात आणि त्यांच्या जागी एक्वेस्त्रियन वर्गातले अधिकारी, म्हणजे प्रिफेक्ट, येतात.

या बदलाचा उत्तम नमुना म्हणजे पेट्रोनियस टॉरस व्होल्युसियानस. आरेत्झोला सापडलेल्या लेखात त्याची सगळी चढती कारकीर्द आहे. सेंच्युरियन म्हणजे सुमारे ऐंशी माणसांचा नायक या हुद्द्यापासून तो निघाला, सम्राटाच्या विश्वासातल्या अधिकाऱ्यांना मिळणारा ‘प्रोटेक्टर’ हा किताब त्याला मिळाला, पुढे तो सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झाला. 261 मध्ये तो गॅलिएनसच्या बरोबरीने कॉन्सल होता, आणि 267 मध्ये रोम शहराचा प्रिफेक्ट. शंभर वर्षांपूर्वी असा रस्ता अशा माणसाला क्वचितच मिळे.

खरे तर गॅलिएनस स्वतः सिनेटर घराण्यातला होता. आपल्याच वर्गाचा वारसाहक्क काढून घेण्याचे काम त्याने केले, कारण लढाईचे शिक्षण वर्षानुवर्षे छावणीत मिळते, घराण्याच्या नावाने मिळत नाही, हे त्याला रोज दिसत होते.

खजिना आणि नाणी

जमेच्या बाजूला इतके लिहिल्यावर नावेच्या बाजूला नाणी लिहायला हवीत. 215 मध्ये सम्राट काराकॅलाने काढलेल्या ‘अँटोनिनियानस’ या नाण्यात निम्म्याच्या आसपास चांदी होती. गॅलिएनसच्या अखेरच्या वर्षांत ती पाच टक्क्यांच्याही खाली गेली. तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा एवढेच उरले. गॉल आणि स्पेनचा महसूल बुडालेला, खाणी दुसऱ्याच्या हाती, आणि सैनिकांचा पगार तर चुकता करायलाच हवा. म्हणून टांकसाळी अहोरात्र चालल्या. आजच्या क्रोएशियातल्या सिसियाला नवी टांकसाळ उघडली गेली, तीही डॅन्यूबच्या फौजेच्या जवळ.

लोकांनी हे ओळखले होते. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या 260 सालच्या एका पपायरसवर, सराफांनी पेढ्या बंद करून सम्राटांचे नाणे घ्यायला नकार दिला म्हणून त्यांना दिलेली ताकीद आहे. तो हुकूम मॅक्रिएनसच्या मुलांच्या नावाने निघालेला; म्हणजे नाण्यावरचा अविश्वास कोणा एका सम्राटापुरता नव्हता, तो काळाचाच होता.

तरीही या मळकट नाण्यांनी इतिहासाचे मोठे काम केले आहे. 267-268 मध्ये रोमच्या टांकसाळीने अपोलो, डायना, नेपच्यून अशा देवांच्या नावाने हरीण, सेंटॉर, ग्रिफिन, मत्स्यपुच्छ घोडा अशा प्राण्यांची मालिकाच काढली. प्रत्येक देवाकडे सम्राटाच्या रक्षणाची प्रार्थना आहे. लीजनांची नावे आणि त्यांच्या निष्ठेचा गौरव असलेली वेगळी मालिका आहे. इंग्लंडमध्ये मिल्डनहॉलजवळ 1978 मध्ये सापडलेल्या एका साठ्यात जवळपास पंचावन्न हजार नाणी निघाली. लिखित साधने तुटपुंजी आणि पक्षपाती असलेल्या या राजवटीचा कालानुक्रम अशा नाण्यांवरून पुन्हा बसवला गेला.

धर्म आणि विद्या

व्हॅलेरियनने 257 आणि 258 मध्ये ख्रिस्ती धर्माविरुद्ध कडक हुकूम काढले होते. रोमचा बिशप दुसरा सिक्स्टस आणि कार्थेजचा सिप्रियन हे दोघेही 258 मध्ये मारले गेले. 260 मध्ये एकटा सम्राट होताच गॅलिएनसने हे थांबवले. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस आणि इतर बिशपांना उद्देशून त्याने पाठवलेले पत्र इतिहासकार युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात जपलेले आहे. प्रार्थनास्थळे परत द्यावीत आणि कोणी त्रास देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यानंतर 303 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ख्रिस्ती समाज निवांत वाढला. गॅलिएनस स्वतः ख्रिस्ती नव्हता. जुन्या ग्रीक परंपरेवर त्याची श्रद्धा होती. तो अथेन्सला गेला, तिथला आर्कोन म्हणजे नगराधिकारी झाला आणि एल्युसिसच्या गुप्तविधींची दीक्षा त्याने घेतली. अशा माणसाने आपल्या प्रजेतल्या एका छळलेल्या समाजाला सोडून दिले, याचे मोल मोठे आहे.

रोममध्ये तेव्हा तत्त्वज्ञ प्लोटिनस शिकवत होता. गॅलिएनस आणि त्याची पत्नी सॅलोनिना दोघांनाही त्याच्याविषयी आदर होता. प्लेटोच्या नियमांनुसार चालणारे तत्त्वज्ञांचे एक नगर कँपानियात वसवावे, अशी मागणी प्लोटिनसने केली होती आणि दरबारातल्या काहींनी ती हाणून पाडली, असे त्याचा शिष्य पॉर्फिरी सांगतो. या काळच्या शिल्पांतही वेगळा सूर आहे. आधीच्या सैनिकी सम्राटांचे चेहरे खरखरीत, भेदरलेले आहेत; गॅलिएनसच्या प्रतिमांत ऑगस्टस आणि मॅसिडोनियाचा अलेक्झांडर यांची आठवण जागवणारा, वर पाहणारा शांत चेहरा कोरलेला आहे. लढाईच्या गदारोळात संस्था कशासाठी टिकवायची आहे, याचे भान त्यातून दिसते.

अखेर

267-268 मध्ये काळ्या समुद्राकडून हेरुली आणि गॉथ जहाजांनी ग्रीसमध्ये उतरले. अथेन्स लुटले गेले; डेक्सिप्पस या इतिहासकाराने नागरिकांना जमवून प्रतिकार केला. गॅलिएनसने नेस्टस नदीजवळ त्यांना हरवले आणि त्यांचा नायक नॉलोबॅटस शरण आला तेव्हा त्याला कॉन्सलची मानचिन्हे दिली. एवढ्यात मागे मिलानला ऑरिओलस उलटला. गॅलिएनसने उभ्या केलेल्या घोडदळाचाच सेनापती पोस्ट्युमसच्या नावाने नाणी पाडू लागला आणि त्यांवर घोडदळाच्या निष्ठेचा गौरव होता. गॅलिएनस परतला, आद्दा नदीवर त्याने ऑरिओलसला हरवले आणि मिलानला वेढा घातला.

त्या वेढ्यातच, 268 मध्ये, त्याच्याच वरिष्ठ अधिकाऱ्यांनी कट केला. शत्रू बाहेर पडला अशी खोटी बातमी रात्री दिली गेली. तो अंगरक्षकांशिवाय धावला आणि डाल्मेशियन घोडदळाच्या नायकाने त्याला मारले. रोममध्ये त्याच्या नातलगांची आणि माणसांची कत्तल झाली. नवा सम्राट क्लॉडियस याने सिनेटकडून त्याला देवत्व देववले; सैनिकांना ते हवे होते. सामान्य शिपायाला हा माणूस आपला वाटत होता, हे या एका गोष्टीतून कळते.

वारसदार

क्लॉडियस, ऑरेलियन, प्रोबस हे पुढचे सम्राट गॅलिएनसच्या फौजेत वाढलेले अधिकारी. ऑरेलियनने 272-273 मध्ये ओडेनाथसची विधवा झेनोबिया हिचे राज्य आणि 274 मध्ये गॉलचे राज्य पुन्हा रोमला जोडले. ज्या फौजेने त्याने हे केले तिचा कणा गॅलिएनसच्या घोडदळाचा होता. 284 मध्ये आलेल्या डायोक्लेशियनने सत्ता चौघांत वाटली, मुलकी आणि लष्करी अधिकार वेगळे करण्याचा क्रम पुढे नेला आणि सम्राटांचे मुक्काम सरहद्दीजवळच्या शहरांत हलवले. यातल्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात 253 ते 268 मध्ये झालेली दिसते.

बदनामी कोणी केली

गॅलिएनसविरुद्धचे लेखन लॅटिनमध्ये आहे आणि ते सिनेटच्या बाजूचे आहे. चौथ्या शतकाच्या अखेरच्या ‘हिस्टोरिया ऑगस्टा’त तो ऐषआरामात लोळणारा, इजिप्त गेल्याची बातमी ऐकून तागाच्या कपड्यांची थट्टा करणारा विलासी पुरुष आहे, त्याच्या काळातल्या बंडखोरांची संख्या ओढूनताणून तीसपर्यंत नेली आहे. यामागे दोन हेतू होते. लष्करी हुद्दे गमावल्याचा राग सिनेटर वर्गाच्या मनात होता. आणि 310 नंतर कॉन्स्टंटाईनने आपण क्लॉडियसचे वंशज असल्याचा दावा केला. क्लॉडियसला उजळायचे तर ज्याच्या खुनातून तो गादीवर आला तो माणूस काळा रंगवणे सोयीचे होते. झोसिमस आणि झोनारस हे ग्रीक लेखक त्याच्याविषयी बरेच समतोल लिहितात.

1776 मध्ये इंग्रज इतिहासकार गिबनने लॅटिन चित्र जवळपास जसेच्या तसे घेतले आणि दीडशे वर्षे ते चालले. विसाव्या शतकात लेओं ओमो आणि आंद्रेआस आल्फोल्डी यांनी नाणी आणि शिलालेख समोर ठेवून प्रश्न विचारले. 1976 मध्ये लुकास द ब्लॉइस यांनी गॅलिएनसच्या धोरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ऑग्सबर्गच्या वेदीसारखी साधने त्यानंतर सापडली. आज या राजवटीकडे सुधारणेचा काळ म्हणून पाहणारे अभ्यासक पुष्कळ आहेत.

ताळेबंद

नावेच्या बाजूला ऱ्हाईन-डॅन्यूबमधला गमावलेला मुलूख, चौदा वर्षे बंडखोरांच्या सत्तेखाली राहिलेला गॉल, बुडीत निघालेले नाणे, आणि पूर्वेत पामिरावर ठेवलेला भरवसा, ज्यातून पुढे झेनोबियाचे बंड आले. घोडदळाच्या सेनापतीच्या हाती एवढी ताकद दिल्याने ऑरिओलस निपजला, हीही चूक याच रकान्यातली. फौजच सम्राट करते आणि फौजच त्याला मारते, या मूळ दोषावर त्याला इलाज सापडला नाही. त्याचा स्वतःचा अंत त्या दोषाने झाला.

जमेच्या बाजूला एवढेच, पण फार मोठे: 260 मध्ये मोडलेली संस्था 268 मध्ये उभी होती. गाभा हातात होता, इराण मागे हटलेला होता, नवी फौज होती, ती चालवणारे कसलेले अधिकारी होते, आणि छळातून सुटलेला एक समाज होता. ऑरेलियन आणि डायोक्लेशियन यांना साम्राज्याचे तारणहार म्हणायचे असेल, तर त्यांच्या हाती जे हत्यार होते ते घडवणाऱ्याचे नाव त्यांच्या आधी लिहिले पाहिजे. रोमच्या सम्राटपदाच्या वाटचालीत गॅलिएनसची पंधरा वर्षे ऱ्हासाच्या प्रकरणात घालण्याची पद्धत आता सोडायला हवी. ती पुनर्बांधणीच्या प्रकरणाचे पहिले पान आहेत.